मजूर पक्ष : विजयातला पराभव

ब्रिटनमधील मजूर पक्षाने ४ जुलै २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ६५० पैकी ४११ जागा जिंकल्या. चौदा वर्षे सत्तेवर असलेला हुजूर पक्ष १२१ जागांवर येऊन ठेपला. आपल्याकडील समाजवादी मित्रांना त्या दिवशी आनंद झाला आणि तो स्वाभाविक होता. परंतु वर्ष उलटण्यापूर्वीच, १ मे २०२५ रोजी, म्हणजे नेमक्या कामगारदिनी, इंग्लंडच्या काही भागांत स्थानिक निवडणुका झाल्या. त्यांत ईशान्येकडील डरहॅम कौंटीच्या ९८ जागांपैकी ६५ जागा नायजेल फराज यांच्या ‘रिफॉर्म यूके’ या कडव्या उजव्या, स्थलांतरितविरोधी पक्षाने पटकावल्या. मजूर पक्षाच्या वाट्याला तेथे अवघ्या चार जागा आल्या. पहिली बातमी आपण जितक्या उत्साहाने वाचली, तितक्याच लक्षपूर्वक ही दुसरी बातमीही वाचावयास हवी होती. कारण पहिलीचा खरा अर्थ दुसरीवाचून कळत नाही.

डरहॅम ही सामान्य कौंटी नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर तेथील कोळसाखाणींत दीड लाखाहून अधिक कामगार राबत होते. मजूर पक्षाने ब्रिटनमध्ये ज्या कौंटी कौन्सिलवर सर्वप्रथम, १९१९ साली, सत्ता मिळवली ती डरहॅमचीच. तिचे अध्यक्षपद पीटर ली यांच्याकडे गेले. वयाच्या दहाव्या वर्षी खाणीत उतरलेला हा मनुष्य. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या भागात जे नवे नगर वसवण्यात आले, त्याला ‘पीटरली’ असे नाव दिले गेले. ज्या देशाच्या नकाशावर राजांच्या, उमरावांच्या आणि धर्मगुरूंच्या खुणा पावलोपावली आढळतात, त्या देशात एका खाणकामगाराच्या नावाने नगर उभे राहावे, ही गोष्ट लहान नव्हती. त्या डरहॅममध्ये शंभर वर्षांनी मजूर पक्षाच्या चार जागा! बहुमत तर २०२१ मध्येच गेले होते. २०२५ मध्ये उरलीसुरली लाजही गेली.

हे कसे झाले, हा प्रश्न परदेशी राजकारणातील कुतूहलाचा विषय म्हणून मी मांडत नाही. ब्रिटिश समाजवादी चळवळीशी आपले नाते जुने आहे. फेबियन मंडळींनी १८९५ साली स्थापन केलेल्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अध्ययन केले. १९३६ साली त्यांनी स्थापन केलेल्या पक्षाचे नाव ‘स्वतंत्र मजूर पक्ष’ असे होते. लास्कींचे ग्रंथ वाचून समाजवादाकडे वळलेली एक अख्खी पिढी या महाराष्ट्रात होऊन गेली. त्या चळवळीचे पुढे काय झाले, हे पाहणे आपले कर्तव्य आहे आणि त्यात आपला स्वार्थही आहे.

आकडे काय सांगतात?

२०२४ मध्ये मजूर पक्षाला ४११ जागा मिळाल्या, त्या ३३.७ टक्के मतांवर. मतांची संख्या सुमारे ९७ लाख. आता मागे वळून पाहावे. २०१९ मध्ये जेरेमी कॉर्बिन यांच्या नेतृत्वाखाली पक्षाचा दारुण पराभव झाला असे सर्वांनी लिहिले, आणि जागांच्या हिशेबाने ते खरेही होते. परंतु त्या पराभवात पक्षाला एक कोटी दोन लाखांहून अधिक मते पडली होती. आणखी मागे, १९५१ मध्ये ॲटलींचे सरकार गेले, तेव्हा हरलेल्या मजूर पक्षाला सुमारे एक कोटी एकोणचाळीस लाख मते होती. ती जिंकणाऱ्या हुजूर पक्षापेक्षाही अधिक होती! तेव्हापासून मतदारांची संख्या कितीतरी वाढली. तरीही १९५१ च्या पराभवापेक्षा २०२४ च्या विजयात बेचाळीस लाख मते कमी आहेत.

विजय मिळाला तो उजव्या मतांत फूट पडल्यामुळे आणि सर्वाधिक मते मिळवणाऱ्यास जागा देणाऱ्या पद्धतीमुळे. रिफॉर्म पक्षाला १४ टक्क्यांहून अधिक मते मिळूनही त्या वेळी पाचच जागा मिळाल्या. ज्यांनी मते दिली त्यांपैकी अनेकांनी ती मजूर पक्षावरील विश्वासाने दिली नव्हती. हुजूर पक्षाला घालवण्यासाठी दिली होती. अशा मतांवर सरकार बनते, पक्ष बनत नाही.

आणि सरकार बनल्यावर काय झाले? त्याच जुलै महिन्यात बहुसंख्य वृद्धांचा हिवाळी इंधनभत्ता काढून घेण्याचे जाहीर झाले. दोनपेक्षा अधिक मुले असलेल्या गरीब कुटुंबांना तिसऱ्या मुलापासून साहाय्य नाकारण्याचा हुजूर सरकारने २०१७ मध्ये लागू केलेला नियम रद्द करावा, असे मत नोंदवणाऱ्या सात मजूर खासदारांना सहा महिन्यांसाठी संसदीय पक्षातून निलंबित करण्यात आले. पुढे जून २०२५ मध्ये इंधनभत्त्याचा निर्णय बऱ्याच अंशी फिरवावा लागला. नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकात दोन मुलांची ती मर्यादाही एप्रिल २०२६ पासून उठवण्याची घोषणा करावी लागली. परंतु त्याआधीच, मे २०२५ मध्ये, ही मर्यादा उठवा अशी मागणी करून फराज मोकळे झाले होते! मजूर पक्षाने टाकून दिलेली घोषणा उजव्यांनी उचलावी, आणि मग त्यांच्या मागोमाग मजूर पक्षाने तीच परत घ्यावी, यासारखे दैन्य दुसरे कोणते?

मतदानापूर्वीचा पक्ष

तथापि एखाद्या नेत्याला किंवा अर्थमंत्र्याला दोष देऊन हा विषय संपवणे सोपे असले, तरी ते बरोबर नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? आड कोणता होता आणि तो का आटला, हे पाहिले पाहिजे.

ब्रिटिश मजूर पक्ष हा मूळचा निवडणूक लढवण्यासाठी जन्मलेला पक्ष नव्हे. आधी कामगारांच्या संस्था जन्मल्या. पक्ष त्यांच्या पोटी आला. १८४४ मध्ये रॉचडेल येथे अठ्ठावीस जणांनी सहकारी दुकान काढले. प्रत्येक खाणीवर संघटनेची शाखा होती. शाखेला जोडून सभागृह होते, वाचनालय होते, ब्रास बँड होता, आजाऱ्यांसाठी आणि विधवांसाठी निधी होता. साउथ वेल्समधील खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून काही पेन्स कापून देऊन उत्तम ग्रंथालये उभारली. ट्रेडिगर गावातील अशाच एका ग्रंथालयात अन्यूरिन बेव्हन हा खाणीत काम करणारा मुलगा वाचू लागला. त्याच गावात कामगारांच्या वर्गणीवर चालणारी वैद्यकीय साहाय्य संस्था होती. ५ जुलै १९४८ रोजी आरोग्यमंत्री या नात्याने बेव्हन यांनी संपूर्ण देशासाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली, तेव्हा त्यांच्यासमोर कोणा विद्वानाचा आराखडा तेवढा नव्हता. आपल्या गावात चालताना पाहिलेली गोष्ट होती.

ज्ञानाच्या क्षेत्रातही हेच घडले. १९०३ मध्ये कामगार शिक्षण संघ स्थापन झाला. संध्याकाळी कामावरून आलेल्या माणसांना इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवणारे वर्ग गावोगाव भरू लागले. ई. पी. थॉम्पसन यांचा इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या घडणीवरील १९६३ चा प्रसिद्ध ग्रंथ प्रौढांचे असेच वर्ग घेता घेता लिहिला गेला. रेल्वेतील सिग्नलमनचा मुलगा असलेले रेमंड विल्यम्स यांनीही अनेक वर्षे असे वर्ग चालवले. आपले कृष्ण मेनन हे लंडनमधील सेंट पँक्रसचे मजूर पक्षाचे नगरसेवक होते. १९३७ मध्ये सहा पेनीत गंभीर विषयांवरील पुस्तके देणारी ‘पेलिकन’ माला सुरू झाली, तेव्हा तिच्या संपादकांत तेही होते. १९६९ मध्ये मुक्त विद्यापीठ उभे राहिले, त्यामागे बेव्हन यांच्या पत्नी जेनी ली यांचे परिश्रम होते. संस्कृती ही वरिष्ठ वर्गाची मिरास नव्हे, ती कामगाराच्या घरची वस्तू आहे, ही श्रद्धा या सर्वांच्या बुडाशी होती.

मतदान ही या सर्व जीवनातील शेवटची पायरी होती. ज्या संघटनेने बापाच्या अपघातानंतर आईला आधार दिला, ज्या वाचनालयाने पहिले पुस्तक हाती ठेवले, त्यांच्याच पक्षाला मत द्यावयाचे, यात प्रचाराची गरज ती काय असणार?

आड कसा आटला?

हे सारे मार्गारेट थॅचर यांनी एकट्यांनी बुडवले असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु सत्य याहून कटू आहे. १९५१ मध्ये डरहॅमच्या कौंटी कौन्सिलने, म्हणजे मजूर पक्षाच्याच सत्तेने, आपल्या नियोजनात शंभराहून अधिक खाणगावांना ‘ड’ वर्गात टाकले. तेथील खाणी संपत आल्या आहेत, सबब या गावांत नवी गुंतवणूक करू नये, गावे हळूहळू रिकामी होऊ द्यावीत, असा त्याचा अर्थ होता. हेतू वाईट नव्हता. लोकांना चांगल्या वस्तीत हलवावे असाच होता. पण गावकऱ्यांना कोणी विचारले? पुष्कळ गावांनी चिकाटीने प्रतिकार केला आणि ती टिकली. कामगारांचा पक्ष कार्यालयात बसून कामगारांच्या वतीने निर्णय घेऊ लागला, त्याची ही सुरुवात होती. खाणी बंद करण्याचे काम विल्सन यांच्या मजूर सरकारनेही साठच्या दशकात मोठ्या प्रमाणावर केले होते. मात्र तेव्हा दुसरीकडे काम मिळत होते.

थॅचर यांनी घाव घातला तो मुळावर. १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने कौन्सिलच्या भाड्याच्या घरांत राहणाऱ्यांना ती सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. इंग्लंडमध्ये अशी सुमारे वीस लाख घरे विकली गेली. ज्यांना घर मिळाले त्यांचा आनंद खोटा नव्हता. परंतु विकलेल्या घरांच्या जागी नवी घरे बांधली गेली नाहीत, आणि घर हा सार्वजनिक प्रश्न न राहता ज्याच्या त्याच्या नशिबाचा प्रश्न झाला. मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभर खाणकामगारांचा संप चालला आणि मोडला. १९९३ मध्ये डरहॅमच्या किनाऱ्यावरील इझिंग्टनची खाण बंद झाली. १९७९ मध्ये ब्रिटनमधील कामगार संघटनांचे सभासद एक कोटी बत्तीस लाखांच्या घरात होते. अलीकडच्या वर्षांत ते सुमारे चौसष्ट लाख आहेत.

आणि पक्ष? टोनी ब्लेअर यांनी १९९५ मध्ये उत्पादनसाधनांच्या सामाजिक मालकीचे कलम घटनेतून काढले. ब्लेअर यांचा मतदारसंघ सेजफील्ड. तोही डरहॅम कौंटीतच. त्या कौंटीत १८७१ पासून खाणकामगारांचा वार्षिक मेळावा भरतो. गावोगावचे बँड आणि रेशमी निशाणे घेऊन लोक येतात. ज्या खाणीत त्या वर्षी कोणी मेले असेल, तिच्या निशाणावर काळे कापड चढवण्याची रीत होती. १९८९ नंतर थेट २०१२ पर्यंत मजूर पक्षाचा एकही प्रमुख नेता त्या मेळाव्याच्या व्यासपीठावर आला नाही. किमान वेतनाचा कायदा १९९८ मध्ये याच पक्षाने आणला, शाळा-इस्पितळांवर खर्चही केला. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु लोकांसाठी काम करणे वेगळे आणि लोकांत असणे वेगळे. १९९७ ते २०१० या काळात पक्षाची सुमारे पन्नास लाख मते गळाली. तिकडे कोणी पाहिले नाही, कारण ही माणसे दुसरीकडे जाणार कोठे, असा हिशेब होता. २०१६ च्या सार्वमतात ती कोठे गेली ते दिसले.

दोन स्वयंपाकघरे

१९८४ च्या संपात खाणगावांतील स्त्रियांनी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली. तोपर्यंत संघटनेच्या सभेत ज्यांना स्थान नव्हते, त्या स्त्रिया व्यासपीठावरून बोलू लागल्या, देशभर निधी जमवू लागल्या. त्या स्वयंपाकघरात जेवणारा मनुष्य कोणाचा मिंधा नव्हता. तो लढ्यातला भागीदार होता.

आज त्याच गावांत फूड बँका, म्हणजे अन्नपेढ्या आहेत. ट्रसेल या सर्वांत मोठ्या संस्थेच्या जाळ्यातून २०१०–११ मध्ये सुमारे एकसष्ट हजार अन्नसंच वाटले गेले होते. २०२३–२४ मध्ये ही संख्या एकतीस लाखांवर गेली. जगातील धनाढ्य राष्ट्रांपैकी एकाची ही कथा! तेथे राबणारे स्वयंसेवक सज्जन असतात, त्यांच्याविषयी आदरच वाटतो. परंतु अन्न घेण्यास आलेला मनुष्य खाली मान घालून येतो. केन लोच यांनी ‘आय, डॅनियल ब्लेक’ या २०१६ च्या चित्रपटात न्यूकॅसलच्या अशाच एका अन्नपेढीतला प्रसंग दाखवला आहे. तो पाहिलेला मनुष्य विसरू शकत नाही. भूक तीच, अन्नही तेच. एका ठिकाणी त्यातून संघटना वाढली, दुसऱ्या ठिकाणी लाज वाढली. आणि लाजेने मान खाली घातलेल्या माणसाच्या कानात, ‘तुझा घास त्या परक्याने पळवला’ असे कुजबुजणे फार सोपे असते.

द्वेषाला उत्तर कोण देणार?

२९ जुलै २०२४ रोजी साउथपोर्ट येथे तीन लहान मुलींची हत्या झाली. मारेकरी आश्रयासाठी आलेला मुसलमान आहे, अशी धादांत खोटी अफवा पसरली आणि आठवडाभर ठिकठिकाणी दंगली झाल्या. मशिदींवर हल्ले झाले. निर्वासितांना ठेवलेल्या हॉटेलला आग लावण्याचा प्रयत्न झाला. सुंदरलँड, हार्टलपूल, रॉदरहॅम ही दंगलग्रस्त गावांची नावे वाचताना मन विषण्ण होते, कारण ही एकेकाळची कोळशाची, पोलादाची, जहाजबांधणीची गावे. लिव्हरपूलमधील स्पेलो येथील सार्वजनिक ग्रंथालयही जाळण्यात आले.

यावरून कामगारवर्ग मुळातच वंशद्वेषी आहे, असा निष्कर्ष काढणारे शहाणे पुष्कळ आहेत. इतिहास काय सांगतो? एप्रिल १९६८ मध्ये इनॉक पॉवेल यांच्या विखारी भाषणानंतर लंडनच्या गोदी कामगारांनी त्यांच्या समर्थनार्थ मोर्चा काढला, हे खरे आहे. १९६३ मध्ये ब्रिस्टलच्या बसगाड्यांवर काळ्या माणसांना वाहक म्हणून घेऊ नये, या धोरणाला तेथील संघटनेची साथ होती, हेही खरे. परंतु १९७६ मध्ये लंडनच्या ग्रनविक फोटो प्रक्रिया कारखान्यात जयाबेन देसाई या गुजराती बाईंनी संप पुकारला. संपकऱ्यांत बहुसंख्य पूर्व आफ्रिकेतून आलेल्या भारतीय स्त्रिया होत्या. त्यांच्यासाठी क्रिकलवूडच्या टपाल कामगारांनी कारखान्याची टपाले हाताळण्यास नकार दिला. १९७७ च्या उन्हाळ्यात दूरदूरचे खाणकामगार बसगाड्या भरभरून आले आणि साडी नेसलेल्या त्या लहानखुऱ्या बाईंच्या पाठीशी उभे राहिले. संप १९७८ मध्ये हरला, वरिष्ठ नेतृत्वाने अखेरीस हात आखडता घेतला. पण जे घडले ते घडलेच. कामगार तोच, शहरही तेच, मध्ये फक्त नऊ वर्षे. माणसाच्या मनात द्वेष आणि बंधुभाव दोन्ही असतात. त्यांपैकी काय वर यावे, हे त्याच्या भोवती कोणती संघटना आहे, यावर पुष्कळसे अवलंबून असते.

आजही ते बीज मेलेले नाही. दंगलीच्या दुसऱ्याच दिवशी साउथपोर्टचे नागरिक मशिदीची पडलेली भिंत बांधावयास जमले. स्पेलोच्या ग्रंथालयासाठी लोकांनी अडीच लाख पौंडांहून अधिक देणग्या दिल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडले. परंतु हे सारे लोकांनी आपापल्या अंतःप्रेरणेने केले. त्यांना उद्याही एकत्र ठेवील अशी यंत्रणा पक्षापाशी होती कोठे?

कोणी म्हणेल, कोळसा तसाही जाणारच होता. मान्य आहे. ब्रिटनमधील कोळशावर चालणारे अखेरचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले, आणि पृथ्वीच्या हिताच्या दृष्टीने ते योग्यच झाले. खाणीतले काम जीवघेणे होते; आपल्या मुलाने खाणीत उतरू नये असे कोणत्या बापाला वाटले नसेल? प्रश्न खाण बंद झाल्याचा नाही. खाणीबरोबर सभागृह, वाचनालय आणि संघटनाही बंद झाली, आणि आता गोदामात व घरपोच वाटपाच्या कामात राबणाऱ्या तरुणांसाठी त्यांच्या जागी काही उभे राहिले नाही, हा आहे. राष्ट्रीय आरोग्यसेवा जर्जर झाली, तरी तिच्यावर उघडपणे हात टाकण्याचे धैर्य उजव्यांनाही सहजासहजी होत नाही. कारण तीच एक समाजवादी संस्था आजही प्रत्येक घराच्या अनुभवात आहे.

आपण काय करणार?

डरहॅमची ही कहाणी वाचताना गिरणगाव आठवल्यावाचून राहत नाही. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला मुंबईचा गिरणी संप ब्रिटिश खाणकामगारांच्या संपाला दोन वर्षे वडील. तेथेही वाचनालये होती, व्यायामशाळा होत्या, खानावळी होत्या, शाहिरांची कलापथके होती. चिमण्या गेल्या, चाळी गेल्या, गिरण्यांच्या जमिनीवर मनोरे आणि बाजार उभे राहिले. आणि गिरणी कामगारांची मुले कोणकोणत्या झेंड्याखाली गेली, ते सांगावयास नको. आपणही त्या काळी जागावाटपाच्या आणि आघाड्यांच्या चर्चेत मग्न होतो.

म्हणून २०२४ च्या त्या विजयाने हुरळून जाऊ नये आणि २०२५ च्या पराभवाने नुसते हळहळूही नये. निवडणुकीच्या गणितात लाट येते आणि जाते. आपल्या तालुक्यातील शाखा दोन निवडणुकांच्या मधल्या पाच वर्षांत काय करते, हा खरा प्रश्न आहे. एखादे वाचनालय चालवते काय? घरोघरी वस्तू पोचवणाऱ्या पोरांना अपघात झाला तर कोणाकडे जावयाचे, हे त्यांना ठाऊक आहे काय? गावात परप्रांतातील मजुराविरुद्ध अफवा उठली, तर त्याच रात्री चार घरे फिरून ती खोडून काढणारा आपला कार्यकर्ता आहे काय? ज्या शाखेकडे या प्रश्नांची उत्तरे नाहीत, तिने उमेदवारांच्या यादीवरील चर्चा थोडी पुढे ढकलावी आणि येत्या महिन्याच्या बैठकीत हेच तीन विषय पत्रिकेवर घ्यावेत. डरहॅममध्ये एकशेसहा वर्षे लागली. आपल्यापाशी गमावण्यास तेवढाही साठा नाही.